वर म्हणून दिलेला मासा

पुण्याच्या मासेवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. मी भाव केला, आणि भाव करणं म्हणजे फसवणं नव्हे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ज्या दोन-चार माणसांना मी ही हकिगत सांगितली त्यांनी ती अर्धीच ऐकून दोष माझ्या पदरात टाकला आणि चहा प्यायला लागले.

माझा धंदा जुन्या मोटरी, पंप आणि स्विचगिअरचा. शिरूरच्या आसपासच्या कारखान्यांनी काढून टाकलेला माल उचलायचा, दुरुस्त करायचा, विकायचा. दौंडला रेल्वेच्या भंगाराचा लिलाव असला की तिथेही जायचो. केंदूरहून शिरूरला आलो तेव्हा माझ्याकडे अंगावरचे कपडे आणि थोरल्या भावाने रागाने फेकून मारलेला एक पाना होता. पुढचं सगळं मी तोंडाच्या जोरावर मिळवलं. सौदा कितीही मनासारखा झाला, तरी शेवटी मी विचारायचो, "वर काय देणार?" भाजीवाली मिरची-कोथिंबीर टाकते तसं. मोटर घेतली तर वर पुली, पंप घेतला तर वर फूटव्हॉल्व्ह. वरचं हातात पडलं नाही तर व्यवहार झाला असं मला वाटतच नसे.

एका कारखान्याचे मॅनेजर बदली होऊन मद्रासकडे निघाले. त्यांच्या घरचं सामान मी एकगठ्ठा घेतलं. फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन, आणि त्यात ही काचेची टाकी. दोन फूट लांब, आत खारं पाणी, थोडे समुद्रातले दगड आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. माझा डोळा तिच्या पंपावर आणि दिव्यावर होता. पण मॅनेजरच्या बाईंनी मला तासभर उभं करून शिकवलं. समुद्राचं मीठ वेगळं असतं, ते किती पाण्यात किती कालवायचं, पाणी किती दिवसांनी बदलायचं. मी ते एका बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, "मारू नका हो त्यांना."

आठ दिवसांत टाकी विकायची असा माझा बेत होता. शिरूरमध्ये गिऱ्हाईक मिळेना. एक जण म्हणाला, "खाऱ्या पाण्याचं मासं? शेठ, हितं प्यायचं पाणी चार दिवसांनी येतंय." दुसऱ्याने कालवणात किती होतील ते विचारलं. टाकी राहिली.

तेव्हा मी गोडाऊनवरच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिकडेच राहिली. भांडण असं एक नव्हतं, तीस वर्षांची बारीक बारीक होती. मी तिला बोलवायला गेलो नाही. जो आधी तोंड उघडतो त्याचा भाव पडतो, हे मी बाजारात शिकलो होतो आणि घरातही तेच वापरत होतो. ती गेल्यावर गोडाऊनमधला माल हळूहळू जिना चढून वर आला. आधी बाहेरच्या खोलीत मोटरी, मग पलंगाखाली स्टार्टर, मग टाकीच्या टेबलाखाली पाच हॉर्सपॉवरच्या तीन मोटरी. संध्याकाळी मी वर गेलो की ते दोन मासे काचेला येऊन मिळायचे. माझ्या पावलाच्या आवाजाने पुढे येणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

वर्षभराने त्यातला एक मेला. उरलेला कोपऱ्यात जाऊन राहिला. त्याला जोडीदार आणायला मी पुण्याला गेलो.

मासेवाला माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. तासभर घासाघीस झाली. तो कंटाळला, मी नाही. शेवटी त्याने पट्ट्याचा मासा पिशवीत घातला, गाठ मारली, आणि मी म्हणालो, "बरं, वर काय देणार?"

"वर?"

"वर."

"काका, मासे आहेत हे. कोथिंबीर नाही."

"मग राहू द्या."

मी पायरीपर्यंत गेलो. त्याने हाक मारली, सगळेच मारतात. कोपऱ्यातल्या लहान टाकीत जाळी घालून त्याने अंगठ्याएवढा मासा काढला. निळं अंग, त्यावर नारिंगी-हिरव्या वळ्या, जणू कोणी दोन रंग ओतून त्यातून बोट फिरवलं होतं. असा रंग मी जिवंत वस्तूवर पाहिला नव्हता.

"हा घ्या वर."

"खातो काय?"

"दगडावरचं टिपून खातो. तुम्हाला खायला घालायचीसुद्धा गरज नाही."

खायला घालायची गरज नाही! मी दोन पिशव्या घेऊन शिवाजीनगरला एसटीत बसलो आणि शिरूरपर्यंत स्वतःवर खूश होतो.

तो मासा पोहत कमी, चालत जास्त. पोटाखालच्या दोन परांवर दगडावरून सरकायचा, थांबायचा, मान तिरकी करून बघायचा आणि टोच मारायचा. डाळ निवडणाऱ्या बाईसारखं त्याचं चाललेलं असे, दिवसभर. जेवताना मी ताट घेऊन टाकीसमोर बसू लागलो. मी जेवायचो, तो निवडायचा.

दीड महिन्याने त्याचं पोट आत गेलेलं दिसलं. मी सुकं खाणं टाकलं. ते त्याच्या नाकासमोर पडलं, त्याने पाहिलं आणि पुढे चालू लागला. कोळंबी बारीक करून टाकली, तेच. पट्ट्याचे दोघे खाऊन टम्म झाले. त्याच्या पाठीवर हाडाची रेघ उमटली. दगडावर तो अजून टिपत होता, पण आता दहा वेळा बघून एकदा टोच मारायचा.

दुकानात फोन केला. "मालक बाहेर गेलेत," असं मालकाच्याच आवाजात उत्तर आलं.

दौंडच्या लिलावात मी हे सहज बोललो, तर एका बोलीवाल्याने सांगितलं की तिथल्या रेल्वे कॉलनीजवळ एक रिटायर फिटर आहेत, मुंबईला नोकरीत असताना त्यांना खाऱ्या पाण्याचा नाद लागला, पंधरा वर्षं मासे ठेवून आहेत. लिलाव सोडून मी त्यांच्याकडे गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणत. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली चार फुटी टाकी, आणि तिच्या वरच्या बाजूला आणखी एक लहान काचेची पेटी, शेवाळाने भरलेली.

मी माशाचं वर्णन केलं. आप्पांनी पानाचा डबा बंद केला.

"कुणी इकला तुम्हाला?"

"इकला नाही. वर दिला."

"वर?" आप्पा आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलं का, पाव्हण्यांनी मासा वर मागून घेतला." मग माझ्याकडे वळले. "त्यो जित्तं खातो. दगडावर डोळ्याला दिसणार न्हाईत असलं बारीक किडं असत्यात, तेवढंच. तुमच्या दोन फुटी टाकीतलं त्यानं एका महिन्यात साफ केलं. आता त्यो खडं बघत फिरतोय. म्हणून शहाणा माणूस त्याला घेत न्हाई, आन् म्हणून त्यो वर मिळतो."

"मग करायचं काय?"

आप्पांनी ती वरची पेटी दाखवली. तिला ते रेफ्युजियम म्हणत. पेटीत वाळू, तारेच्या घासणीसारखं गुंत्याचं हिरवं शेवाळ आणि एक दिवा. छोट्या पंपाने टाकीतलं पाणी पेटीत चढतं आणि नळीने आपोआप खाली पडतं. पेटीत मासा नाही, म्हणून किड्यांना खाणारं कोणी नाही. ते शेवाळात वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे खाली मोठ्या टाकीत येतात. आप्पांनी भिंग दिलं. काचेवर पांढरे ठिपके धावत होते.

"जागा किती हाय तुमच्याकडं?"

"टाकीच्या वर एक फळी आहे. दीड फूट लांब, नऊ इंच रुंद."

"आन् खाली?"

"खाली मोटरी."

"मग मोटरी हलवा. खाली मोठी पेटी बसंल. फळीवरच्या डबड्यात त्याचं पोट भरायचं न्हाई."

"माल आहे तो, आप्पा. ठेवू कुठं?"

"तुमचं तुम्ही बघा," आप्पा म्हणाले. त्यांनी मला शेवाळाचा गोळा आणि वाळू प्लास्टिकच्या डब्यात घालून दिली. पैसे घेईनात. मी उठता उठता म्हणालो, "वर एक मूठ वाळू टाका की." त्यांच्या बायकोला आत ठसका लागला. आप्पांनी मूठभर वाळू टाकली.

डबा मांडीवर धरून मी पाटस, चौफुला, न्हावरा करत शिरूरला आलो.

फळीवर बायकोची भांडी होती. लग्नात आलेली, नावं घातलेली. तांब्याचा हंडा, कळशी, पितळी डबे. ती गेल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता. मी मुलीच्या घरी फोन लावला आणि बायकोला फोनवर बोलवायला सांगितलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

"फळीवरची भांडी काढू का?"

"काढा की."

"पेटी ठेवायचीय तिथं. माशासाठी."

"कसला मासा?"

मी सांगितलं. मासा उपाशी आहे, जागा नाही, सगळं. मला वाटत होतं ती म्हणेल, माझ्या भांड्यांना हात लावू नका. मग मी काहीतरी बोललो असतो, मग ती, आणि बोलता बोलता कुठंतरी येऊन थांबलो असतो. मी तयारी करूनच फोन केला होता.

"म्हंजी त्याच्यासाठी जागा करताय," ती म्हणाली.

"हो."

"करा. मला हितं सगळं हाय."

मी फोन ठेवला. तिने घासाघीस केली नाही.

काचवाल्याकडून पेटी करून घेतली. पंप माझ्याकडे होता, दिवा होता. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की नळी उलटं पाणी ओढते आणि खोलीत तळं होतं, म्हणून आप्पांनी सांगितल्याप्रमाणे नळीला पाण्याच्या वर एक बारीक भोक पाडलं. या कामात मी कोणाचं ऐकत नाही, पण तेव्हा ऐकलं. पेटीसाठी खारं पाणी कालवायचं होतं. एवढं पाणी मावेल असं घरात एकच भांडं मोकळं होतं, तांब्याचा हंडा. माझी आई आम्हाला सकाळी तांब्यातलं पाणी पाजायची. शुद्ध असतं, अंगाला लागतं. मी विचार केला, एवढा नाजूक जीव आहे तर त्यालाही चांगलंच द्यावं. हंड्यात मीठ कालवून दोन दिवस ठेवलं. ओतलं तेव्हा हंडा आतून चिंच लावून घासल्यासारखा लखलखीत निघाला. पाण्याला किंचित हिरवट झाक होती. मला ते बरंच वाटलं.

आठ दिवस पेटी टाकीला न जोडता मुरू द्यायची, असं आप्पांनी सांगितलं होतं. चौथ्या दिवशी शेवाळ पांढरं पडलं. भिंग लावून बसलो. काचेवर एकही ठिपका हलत नव्हता.

मी तडक दौंड गाठलं. दारातूनच ओरडलो, "आप्पा, मेलेला माल दिलात मला!"

"आधी बसा."

"बसायला आलो नाही. पंधरा वर्षांचा अनुभव म्हणे! आठ दिवसही टिकलं नाही."

"पाणी कशात कालवलं?"

"हंड्यात."

"कसला हंडा?"

"तांब्याचा. चांगला जुना, जाड."

आप्पा हसायला लागले, मग हसणं थांबलं. "पाव्हणं, तुम्ही जहर कालवलं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. आपल्याला चालतं, त्या किड्यांना न्हाई. त्यातला टिपूस खाली टाकीत गेला न्हाई, हे नशीब समजा."

"मग सांगायचं होतंत तुम्ही!"

"काय काय सांगू? ॲसिड टाकू नका, हेबी सांगायचं व्हतं का?"

"सांगायला हवं होतं."

"व्हय," आप्पा अचानक म्हणाले. "हवं व्हतं. मला वाटलं, मोटरीत निम्मं आयुष्य गेलं, तांब्याचं ह्यांना ठाऊक आसंल." मला एवढं चिडून आल्यावर असं ऐकायची सवय नव्हती. मी खाली बसलो. आप्पांच्या बायकोने चहा आणला. मी दुसऱ्यांदा शेवाळ मागितलं आणि या वेळी वर काही मागितलं नाही.

जुनी पेटी फेकली, काच जोडायला वापरतात तो सिलिकॉन तांबं धरून ठेवतो म्हणून. नवी केली, प्लास्टिकच्या बादलीत पाणी कालवलं. तीन आठवड्यांनी पांढरे ठिपके दिसू लागले. पंप चालू केला त्या दुपारी मी गोडाऊन बंद ठेवलं. मासा नळीखालच्या दगडावर आला, मान तिरकी केली, टोच. पुन्हा टोच. मी मोजत बसलो. मोठ्या लिलावात बोली माझ्यावर सुटल्यावर जे वाटतं तसं वाटलं, पण सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

महिनाभर त्याचं पोट आणखी आत गेलं नाही. बाहेरही आलं नाही. मग पेटीतले ठिपके विरळ झाले. पेटीत जेवढे जन्मत होते त्यापेक्षा तो जास्त टिपत होता. आप्पांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं हेच होतं. मी आणखी पंधरा दिवस थांबलो. का थांबलो ते माहीत आहे. मोटरींचा सौदा चालू होता, भांडगावच्या एका बागायतदाराशी, आणि त्या मोटरी मी घरातून खाली नेऊन ठेवल्या तर त्याला वाटलं असतं की मला घाई आहे.

शेवटी मी मोटरी काढल्या. हमाल न बोलावता, एकट्याने, साखळीने बांधून एक एक पायरी. टेबलाखाली चांगली अडीच फूट लांब जागा निघाली. तिथे मोठी पेटी केली. आप्पा स्वतः शेवाळ घेऊन शिरूरला आले. त्यांनी घर पाहिलं. मासा पाहिला. खाली बसून बराच वेळ पाहिला. "दोन महिनं लागतील पेटी भरायला," ते म्हणाले. "त्याच्याकडं दोन महिनं न्हाईत. पण लावू आपण." आम्ही दोघांनी मिळून ती लावली. जाताना त्यांनी विचारलं, "वहिनी कवा यायच्यात?" मी म्हणालो, "येतील." ते म्हणाले, "बोलवा." मी त्यांना चौकापर्यंत सोडायला गेलो.

तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, मासा दगडाच्या पायथ्याशी आडवा पडलेला दिसला. रंग तसाच होता. हातात घेतला तर वजन लागलं नाही.

आणि त्यानंतर पेटी भरली. शेवाळ वाढलं, काचेवर ठिपक्यांची गर्दी झाली. ते पंपातून वर टाकीत येऊ लागले, दगडांवर, वाळूवर, जिकडे तिकडे. पट्ट्याच्या माशांना त्यांची गरज नव्हती. मी भिंग न लावताही ते दिसायचे. खाणं काठोकाठ, आणि खाणारा नाही. पेटी मी मोडली नाही. दिवा लावतो, शेवाळ वाढलं की छाटतो.

एकदा मी पुण्याला त्या दुकानात गेलो. मालकाने मला ओळखलं नाही. मी सगळं सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "काका, फुकटच्या माशासाठी एवढं भांडायला आलात?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी आयुष्यात कोणत्याही दुकानातून उत्तर दिल्याशिवाय बाहेर पडलो नव्हतो. त्या दिवशी पडलो.

तेव्हा सुचलं नाही ते आता त्या मासेवाल्याला लिहितो. तांब्याचा हंडा मी वापरला. मोटरी मी वेळेवर काढल्या नाहीत. ते माझं, आणि ते मी कोणावर ढकलत नाही. पण "खायला घालायची गरज नाही" हे वाक्य तुमचं होतं. तुमच्या कोपऱ्यातल्या टाकीत तो किती दिवस उपाशी होता? लहान टाकीत तो जगत नाही हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? माहीत असून दिला असेल तर का दिला, आणि माहीत नव्हतं तर मासे कशाला विकता? मला भरपाई नको, दुसरा मासा तर नकोच. तुम्ही अजून त्याच गल्लीत दुकान लावून बसला असाल, तर माहीत होतं का, या एका प्रश्नाचं उत्तर द्या, हो किंवा नाही. मी वाट पाहतो आहे.